कोरकूसाठी कॅनडाला जावं का? भाषा पुनरुज्जीवनाच्या विद्यापीठीय शिक्षणाबद्दल

प्रश्न विचारणारी तरुणी मेळघाटातल्या (अमरावती जिल्हा) धारणी तालुक्यातली, कोरकू या आदिवासी समाजातली. पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजी कोरकूशिवाय दुसरं काही बोलत नाही. आईवडील कोरकू आणि हिंदी दोन्ही बोलतात. धाकटा भाऊ आश्रमशाळेत गेल्यापासून घरीसुद्धा हिंदीत नाहीतर मराठीत उत्तर देतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मूळ रहिवाशांच्या भाषांचं पुनरुज्जीवन या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते, असं तिच्या वाचनात आलं. तिथे जावं का, नेमकं काय शिकवतात, हेच भारतात शिकता येईल का आणि पुढे नोकरीचं काय, असं तिने विचारलं आहे. शेवटी एक वाक्य आहे: "घरचे म्हणतात, इतकं शिकून परत कोरकूच शिकणार का?"

आधी थेट उत्तर देते. जायचं असेल तर जरूर जा, पण एम.ए. संपल्या संपल्या जाऊ नका. दोनेक वर्षं धारणीत राहा, लहानसं का होईना पण एक काम उभं करा आणि मग अर्ज करा. हाताशी काम आणि पाठीशी माणसं असतील तरच या अभ्यासक्रमाचा उपयोग होतो, नाहीतर चांगलं शिक्षण कागदावर राहतं. मी बरीच वर्षं भाषाशास्त्र शिकवते आहे, मेळघाटात आणि जळगाव जामोदच्या बाजूला कामही केलं आहे. त्या अनुभवातून माझं हे मत झालं आहे आणि बाहेरच्या देशांचा इतिहासही त्याच बाजूने आहे.

हवाईचं पाहा. आज या विषयात हिलो इथल्या हवाई विद्यापीठाचं नाव जगभर घेतलं जातं. तिथे हवाइयन भाषेचं स्वतंत्र कॉलेज आहे, त्याचा कारभार हवाइयनमधून चालतो आणि पीएच.डी.पर्यंत शिकता येतं. हे कॉलेज झालं १९९७ मध्ये. पण मूळ गोष्ट त्याआधीची. १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हेच माध्यम झालं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा मोडली. १९८० च्या सुमाराला हवाइयन बोलणारी मुलं जवळजवळ नाहीशी झाली होती. अपवाद निइहाऊ या छोट्या बेटाचा, तिथे घराघरांत भाषा टिकून होती. तेव्हा काही शिक्षक आणि पालक एकत्र आले, १९८३ मध्ये 'आहा पुनाना लेओ' ही संस्था काढली आणि १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे पहिली बालवाडी उघडली. बालवाडीत दिवसभर फक्त हवाइयन. जुना कायदा तेव्हा लागूच होता. पालकांनी दोन-तीन वर्षं पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये तो बदलून घेतला. मग बालवाडीतली मुलं मोठी झाली, त्यांना पहिलीचा वर्ग हवा झाला, त्या वर्गाला शिक्षक हवा, शिक्षकाला पुस्तक हवं, पुस्तकाला शब्द हवेत. ही गरज अंगावर आली तेव्हा विद्यापीठाने शिक्षक घडवायला घेतले.

न्यूझीलंडमध्ये हाच क्रम दिसतो. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ', म्हणजे माओरी बालवाडी सुरू झाली. दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या आठशेच्या वर गेली. शिकवायला आज्या-आजोबा होते, पण मधली पिढी, म्हणजे मुलांचे आईवडील, माओरी बोलतच नव्हते. त्या पिढीसाठी 'ते अताआरांगी' ही पद्धत १९७९ पासून उभी राहिलेली होती. काटेरिना माताइरा आणि न्गोई पेफाइरांगी या दोघींनी ती घडवली. पाठ्यपुस्तक नाही, फळा नाही, टेबलावर रंगीत लाकडी कांड्या मांडायच्या आणि त्यांच्यावरूनच बोलायचं. इंग्रजी बोलायचं नाही आणि दुसरा अडखळला तर त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हे तिथले मुख्य नियम. दुसरा नियम ऐकायला साधा वाटतो. पण ज्याला लहानपणी आपल्या भाषेवरून हिणवलं गेलंय, त्याला पहिलं वाक्य जुळवायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला मिळावा यासाठी हा नियम आहे.

म्हणून कोणताही अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी मी एकच गोष्ट विचारते: तुमच्या भाषेला आज कशाची उणीव आहे? बोलणारी म्हातारी माणसं आहेत पण त्यांच्यापाशी बसणारं कोणी नाही, की बोलणारे भरपूर आहेत पण मुलांपर्यंत भाषा पोचत नाही, की बोलणारं कोणीच उरलेलं नाही आणि सगळं जुन्या कागदांत आहे? या प्रत्येक अवस्थेसाठी शिक्षण वेगळं लागतं. एकाच नावाच्या दोन पदव्या आतून फार निराळ्या असू शकतात.

व्हिक्टोरियाचा अभ्यासक्रम यांतल्या पहिल्या अवस्थेतून आला. ब्रिटिश कोलंबिया या एका प्रांतात मूळ रहिवाशांच्या तीसहून अधिक भाषा आहेत. तिथे या भाषांचं काम पाहणाऱ्या फर्स्ट पीपल्स कल्चरल कौन्सिलच्या २०१८ च्या अहवालात अस्खलित बोलणारे ४,१३२ नोंदले आहेत, म्हणजे नोंदल्या गेलेल्या लोकसंख्येच्या ३ टक्के. त्यांतले निम्म्याहून अधिक पासष्टीच्या पुढचे. शिकणारे मात्र १४ हजारांच्या घरात होते आणि २०२२ च्या अहवालात त्यांत आणखी तीन हजारांची भर पडलेली दिसते. असं का झालं हे तिथे शाळकरी मुलालाही माहीत असतं. सरकार आणि चर्च यांनी मिळून चालवलेल्या निवासी शाळांत मुलांना घरापासून तोडून ठेवलं जाई आणि आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. यातली शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतली सोळावी शिफारस थेट तुमच्या प्रश्नाशी निगडित आहे: विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी मूळ रहिवाशांच्या भाषांत पदवी आणि पदविका सुरू कराव्यात. २०१९ मध्ये या भाषांसाठी संघराज्याचा कायदाही झाला. व्हिक्टोरियाने मात्र आयोगाच्या बऱ्याच आधीपासून हे काम हाती घेतलं होतं.

तिथली रचना मला मनापासून आवडते. आधी प्रमाणपत्र, मग पदविका, मग बी.एड., मग मास्टर्स. प्रत्येक टप्पा पुढच्यात धरला जातो. त्यामुळे गावात अंगणवाडी चालवणारी बाई प्रमाणपत्रापासून सुरुवात करून शिक्षिका होऊ शकते. मास्टर्सचा अभ्यासक्रम शिक्षणशास्त्र आणि भाषाशास्त्र हे दोन विभाग मिळून चालवतात. विद्यार्थ्यांची एक तुकडी एकत्र घेतात, काही काळ सगळे विद्यापीठात येतात आणि बाकीचा अभ्यास आपापल्या गावी, आपापल्या भाषेत करतात. काही तुकड्या तर वस्तीवरच चालतात. विद्यापीठाच्या जवळच सॅनिच लोकांच्या शाळेत सेन्चोथेन भाषेच्या शिक्षकांची अशी तुकडी तयार झाली. जुन्या पिढीतले बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना या तरुण शिक्षकांनी बालवाडीपासून पूर्ण सेन्चोथेनमध्ये वर्ग सुरू केले.

सेन्चोथेनच्या लिपीबद्दलही सांगते, कारण कोरकूत हा वाद आज ना उद्या तुमच्या वाट्याला येणार आहे. डेव्ह एलियट नावाचे मासेमारी करणारे गृहस्थ नंतर शाळेत देखभालीच्या कामाला लागले. आपली भाषा मुलांपर्यंत पोचणार नाही, ही चिंता त्यांना लागली होती. भाषाशास्त्रज्ञांची लेखनपद्धती उपलब्ध होती, पण ती गावात कोणाला वाचता येत नव्हती. त्यांनी एक जुना टाइपरायटर घेतला आणि जवळपास सगळी रोमन लिपीतली मोठी अक्षरं वापरून, काहींवर आडव्या रेघा मारून, १९७८ मध्ये आपली वर्णमाला बांधली. एका ध्वनीला एक अक्षर. शाळा मंडळाने तीच स्वीकारली, आजही तीच चालते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्यात सुधारणा सुचतील, तरीही ती बदलायची नाही, कारण ती लोकांची आहे. आपल्याकडे गोंडीसाठी मसाराम आणि गुंजाला अशा दोन लिप्या युनिकोडमध्ये आल्या आहेत, शिवाय देवनागरी आणि तेलुगूही वापरात आहेत. कोरकू आज बहुतेक ठिकाणी देवनागरीत लिहिली जाते. तुम्ही पुण्याहून शिकून गेलात म्हणून हा निर्णय तुमचा होत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या लोकांना समोर बसवून, लिहून दाखवून, त्यांच्याकडून वाचवून घेऊन तो करायचा असतो. तो कसा करायचा हे मात्र या अभ्यासक्रमांत नीट शिकवतात.

अभ्यासक्रमातलं सगळ्यात मोलाचं काय, असं कोणी विचारलं तर मी गुरू-शिष्य पद्धतीचं नाव घेईन: भाषा बोलणारं एक वडीलधारं माणूस आणि एक शिकणारा, अशा जोडीने फक्त त्या भाषेतच वेळ घालवायचा. ही कॅलिफोर्नियात १९९२ पासून रुजली. बर्कलीच्या भाषाशास्त्रज्ञ लिअॅन हिंटन आणि तिथल्या आदिवासी कार्यकर्त्यांनी मिळून ती घडवली. ब्रिटिश कोलंबियात तिला वर्षाला ३०० तासांचं गणित आहे आणि एक जोडी तीन वर्षांपर्यंत चालू शकते. व्हिक्टोरियात या तासांना अभ्यासक्रमात गुण मिळतात. आजीबरोबर घालवलेला वेळ विद्यापीठाने अभ्यास म्हणून मोजला, हा मला फार मोठा बदल वाटतो.

हे तास प्रत्यक्षात कसे जातात ते तुमच्या घरात आणून सांगते. समजा आजी अंगणात बसून कुटकी पाखडते आहे. तुम्ही समोर बसायचं. हिंदी नाही, मराठी नाही, वही नाही. आजी जे करते ते करताना बोलते: सूप उचललं, कोंडा उडाला, खडा निघाला, कोंबडी आली, हाकलली. तुम्ही आधी नुसतं ऐकायचं. मग सूप तुम्ही घ्यायचं आणि आजीने तुम्हाला सांगायचं. पहिल्या आठवड्यात तुमच्या तोंडी चारच वाक्यं लागतात: परत सांग, मी काय करते आहे, ती काय करते आहे, आणखी सांग. ही चार वाक्यं पक्की झाली की तास तुम्हाला चालवता येतो. चालवायचा तुम्हीच, आजीने नाही, कारण ती शिक्षिका नाही, तिला बोलायला लावणं हे तुमचं काम. एखादा शब्द आपला व्हायचा तर तो वीस वेगवेगळ्या प्रसंगी वीसदा कानावर यावा लागतो, असं या पद्धतीत सांगतात. म्हणून एकाच दिवशी पन्नास शब्द लिहून घेण्यात काही हशील नाही.

यात एक बारकावा आहे, तो तुमच्या भाषेपुरता. कोरकूत द्विवचन आहे. दोघांनी केलेलं काम आणि तिघा-चौघांनी केलेलं काम यांसाठी रूपं वेगळी. व्याकरणाच्या तासाला हे तक्त्यात येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं. पण आजी, तुम्ही आणि तुमचा भाऊ असे तिघे मोहफुलं वेचायला गेलात, की आजी तुम्हा दोघांना उद्देशून बोलेल तेव्हा द्विवचन, सगळ्यांना धरून बोलेल तेव्हा अनेकवचन, असं ते सकाळभर आपोआप कानावर पडत राहील. म्हणून भावाला बरोबर घ्या. त्याला शिकवायला नेतोय असं सांगू नका, मोहफुलं वेचायला नेतोय एवढंच सांगा.

तुम्हाला कोरकू येते हे मला माहीत आहे. पण पत्रात तुम्ही लिहिलंय की घरगुती बोलण्यापलीकडे गेलं की हिंदी मिसळते. पुढे वर्गात शेती, हवामान, आजारपण, हिशोब यांवर कोरकूत बोलायचं असेल तर हे तास तुम्हालाही लागणार आहेत.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात. ध्वनिशास्त्र आणि रूपविचार (शब्दांची रूपं कशी घडतात ते) तिथे शिकवतात, पण शिक्षकाला उपयोग होईल अशा बेताने. तुमचं एम.ए. झालेलं असल्यामुळे हा भाग तुम्हाला सोपा जाईल. भाषानियोजन, पाठ्यक्रम बांधणं, ध्वनिमुद्रण, संग्रह कसा ठेवायचा हेही असतं. एका विषयाकडे मात्र दुर्लक्ष करू नका, तो म्हणजे सामग्रीवर हक्क कोणाचा. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजांनी, १९९८ च्या सुमाराला चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा, हे चारही समाजाकडे राहावेत. आपल्याकडे अभ्यासक येतात, म्हाताऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून नेतात आणि गावात त्याची एक प्रतही राहत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल. तुमच्या आजीचं मुद्रण कोण ऐकू शकतो, कोण छापू शकतो, त्यातलं कोणतं गाणं ठरावीक प्रसंगाखेरीज लावायचं नाही, हे आधी ठरवायचं आणि तिच्या भाषेत तिला समजावून ठरवायचं. विद्यापीठाच्या संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं मी मानत नाही.

आता बोलणारं कोणीच न उरलेल्या भाषांबद्दल, कारण वर्गात ही उदाहरणं तुम्हाला सारखी ऐकू येतील आणि त्यांनी दडपून जायला होतं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वाम्पनोआग लोकांची भाषा एकोणिसाव्या शतकातच बोलण्यातून गेली होती. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ मध्ये ती परत आणण्याचं काम सुरू केलं, एमआयटीत भाषाशास्त्रज्ञ केन हेल यांच्याबरोबर भाषाशास्त्र शिकल्या आणि २००० मध्ये मास्टर्स पूर्ण केलं. १६६३ मध्ये त्या भाषेत छापलेलं बायबल आणि लोकांनी स्वतः लिहिलेले जमिनीचे दस्तऐवज, पत्रं, अर्ज यांतून व्याकरण बांधलं. त्यांच्या मुलीने ती भाषा जन्मापासून ऐकली. अमेरिकेतल्याच मायामी जमातीच्या मायामिया भाषेसाठी डॅरिल बाल्डविन यांनी असंच केलं: मोंटाना विद्यापीठात भाषाशास्त्र शिकले, कागदांतून भाषा उचलली, घरात मुलांशी बोलले. पुढे ओहायोतल्या मायामी विद्यापीठात २००१ पासून त्यांच्या जमातीचं आणि विद्यापीठाचं संयुक्त केंद्र उभं राहिलं. या दोघांना कडक, तांत्रिक भाषाशास्त्र लागलं आणि त्यांनी ते घेतलं. कोरकूला सुदैवाने ती वेळ आलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या वर आहेत, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. डेक्कन कॉलेजच्या के. एस. नागराज यांनी केलेलं सविस्तर व्याकरण आहे. त्याआधी शिकागोच्या नॉर्मन झाइड यांनी १९६० च्या सुमारापासून काम केलेलं आहे. वर्णनाची उणीव तुम्हाला भासणार नाही. उणीव आहे ती भाषा मुलांपर्यंत पोचण्याची. मूल सहाव्या वर्षी आश्रमशाळेत जातं, दिवाळीला आणि मे महिन्यात घरी येतं, मधल्या काळात त्याच्याशी कोरकूत बोलणारा मोठा माणूस शाळेत असेलच असं नाही. कॅनडातल्या निवासी शाळांशी आपल्या आश्रमशाळांची बरोबरी मी करणार नाही. त्या शाळांचा हेतूच भाषा आणि समाज मोडण्याचा होता, आपल्या आश्रमशाळा शिक्षण पोचवण्यासाठी निघाल्या. पण भाषेपुरतं बोलायचं तर परिणाम त्याच दिशेने जातो. हे आम्हा मराठी भाषकांना ऐकवायलाच हवं. इंग्रजी माध्यमामुळे मराठी शाळा ओस पडतात म्हणून आम्ही तळमळतो आणि ते बरोबरच आहे. मेळघाटात मात्र कोरकूपुढे मराठी त्या इंग्रजीच्या जागी उभी आहे.

शेजारच्या निहालीची अवस्था पूर्ण निराळी आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव या परिसरात दोन-अडीच हजार लोक ती बोलतात. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. बोलणाऱ्यांचा आकडा दहा हजारांच्या आत, म्हणून जनगणनेच्या छापील यादीत तिचं नावही येत नाही. निहालीसाठी कोणी मला हाच प्रश्न विचारला असता तर मी उलट सांगितलं असतं: थांबू नका, ध्वनिमुद्रण आणि गुरू-शिष्य जोड्या आजच सुरू करा, पदवी नंतर बघू.

कोरकूसाठी मला कॅनडापेक्षा ओडिशा आधी आठवतं. तिथे २००६-०७ पासून आदिवासी मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम चालू आहे. सुरुवात १० भाषांनी झाली, पुढे तो २१ भाषांपर्यंत गेला. त्यांत सावरा, जुआंग, मुंडा या भाषा आहेत, म्हणजे कोरकूच्याच मुंडा कुळातल्या. पुस्तकं कशी केली, ओरियाकडे मुलांना कोणत्या इयत्तेत आणि कसं वळवलं, शिक्षक कुठे कमी पडले, हे सगळं तिथे जाऊन पाहता येतं. रेल्वेच्या भाड्यात हे शिक्षण होतं. आणि आपल्या राज्यातच गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावला जा. तिथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यतेच्या अडचणी कशा येतात आणि ग्रामसभा त्यांना कशी सामोरी जाते, हे तिथल्या लोकांकडून ऐका. कोणत्याही विद्यापीठाच्या भाषानियोजनाच्या तासाला हे मिळणार नाही.

भारतात या नेमक्या नावाची पदवी शोधू नका, तुकड्या-तुकड्यांनी शिक्षण जमवावं लागतं. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत २०१३ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषांसाठी नोंदणी आणि जतनाची योजना आहे. काही केंद्रीय विद्यापीठांत संकटग्रस्त भाषांची केंद्रं निघाली: शांतिनिकेतन, तेजपूर, झारखंड, बिलासपूर. या ठिकाणी दस्तऐवजीकरण चांगलं शिकता येतं, शिकवण्याची पद्धत कमी. भाषाअभ्यासक गणेश देवी यांनी उभी केलेली गुजरातमधल्या तेजगढची आदिवासी अकादमी पाहावी अशी आहे. रांची विद्यापीठात रामदयाल मुंडा यांच्या पुढाकाराने आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा विभाग उभा राहिला. मुंडारी, हो, खडिया तिथे एम.ए.ला विषय म्हणून आहेत. आपली भाषा पदवीच्या वर्गात शिकवली जाते तेव्हा त्या समाजातल्या तरुणांची चाल कशी बदलते हे बघायला तरी रांचीला एकदा जाऊन या.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. परदेशी विद्यार्थ्याला कॅनडात शुल्क बरंच जास्त पडतं. तिथल्या समाजांसाठी असलेली भाषाविषयक अनुदानं आपल्याला मिळत नाहीत आणि ते योग्यच आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, अशा दोन वाटा आहेत. विद्यापीठाचं मानांकन, वय आणि उत्पन्न यांच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. संपूर्ण पदवी जमत नसेल तर उन्हाळी वर्ग हा उत्तम पर्याय आहे. अमेरिकेत 'कोलॅंग' हा वर्ग वर्षाआड वेगवेगळ्या विद्यापीठांत भरतो. त्यात भाषाशास्त्रज्ञ आणि आदिवासी कार्यकर्ते शेजारी शेजारी बसून शिकतात.

नोकरी. परदेशी मास्टर्सवर आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक होत नाही. तिथे पहिली ते पाचवीला डी.एल.एड., सहावी ते आठवीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि त्याबरोबर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. मुलांपर्यंत पोचायचं हे तुमचं ध्येय असेल, आणि पत्रावरून ते तसंच दिसतं, तर एम.ए.नंतर, ज्या इयत्तांना शिकवायचं त्याप्रमाणे, डी.एल.एड. किंवा बी.एड. करून घ्या. हा सल्ला तुम्हाला रूक्ष वाटेल. पण हवाईत आणि न्यूझीलंडमध्ये काम अडलं ते दर वेळी शिक्षकांपाशीच. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा द्या. नेटमध्ये भाषाशास्त्राशिवाय आदिवासी आणि प्रादेशिक भाषा-साहित्य असाही विषय आहे. प्रकल्पांवरच्या जागा मिळतात, पण त्या कंत्राटी असतात, घर त्यावर चालेल असं धरू नका.

घरच्यांच्या वाक्याबद्दल. ते चिडून बोलत नाहीत, घाबरून बोलतात. त्यांनी स्वतः धारणीच्या बाजारात, दवाखान्यात, तहसीलमध्ये भाषेपायी अपमान सोसलेला आहे. मुलांच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून त्यांनी घरात हिंदी आणली. त्यांना भाषेच्या अभिमानाचं व्याख्यान देऊ नका. त्यांना हे दाखवा की कोरकू शिकलेलं मूल मराठीत मागे पडत नाही. पहिली-दुसरीतलं मूल घरच्या भाषेत वाचायला शिकलं की दुसऱ्या भाषेतलं वाचन त्याला लवकर जमतं, हे कारण मातृभाषेतून शिकवणारे सगळे कार्यक्रम देतात आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह आहे. पण आईवडिलांना धोरण दाखवून पटत नाही. गावातली पाच-सात मुलं घेऊन सुट्टीत कोरकूत गोष्टींचा वर्ग चालवा, त्याच मुलांकडून शेवटी तीच गोष्ट मराठीत वाचून घ्या आणि तेव्हा आईवडिलांना बोलवा.

व्हिक्टोरियाला अर्ज करण्याआधी तिथल्या समन्वयकांना एक पत्र लिहा आणि त्यात हे विचारा: कॅनडाबाहेरच्या भाषेवर काम करणारा विद्यार्थी तुकडीत घेता का? गुरू-शिष्य तास मेळघाटात राहून पूर्ण करता येतील का आणि ते कोण तपासणार? कोरकू न जाणणारा मार्गदर्शक माझ्या कामाचं मूल्यमापन कशावरून करणार? ध्वनिमुद्रणं कुठे ठेवली जातील? पुढची तुकडी कधी? तुकड्या दर वर्षी निघतातच असं नाही, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न आधी विचारलात तरी चालेल. पत्राला तुमच्या गावच्या ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडा, आणि तो ठराव कोरकूत लिहून खाली मराठी मजकूर द्या.